इंटरनॅशनल शाळेचं एक वर्ष: फी सोडून बाकी सगळं

मुलांच्या शाळेला सुट्ट्या लागल्यात, घरभर पोर्टफोलिओच्या फायली आणि अर्धवट मॉडेल्सचा पसारा पडलाय आणि तो आवरायचा सोडून मी लिहायला बसलेय. इंटरनॅशनल प्रायमरी स्कूल म्हटलं की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले, फी किती, अभ्यास असतो की नुसताच खेळ, पुस्तकंच नाहीत तर पोरं शिकतात तरी काय. फीबद्दल मी बोलत नाही (दुखरा विषय), बाकीच्यांची उत्तरं देऊन देऊन तोंडपाठ झालीत. पण मला ज्याबद्दल खरं बोलायचं असतं ते कुणी विचारतच नाही. वेगवेगळ्या देशांतून आलेली, एकमेकांची भाषा न येणारी, दोन-तीन वर्षांत परत निघून जाणारी पोरं आणि त्यांचे आईबाप, ह्या सगळ्यांची मिळून एक शाळा होते कशी? ती आपोआप होत नाही एवढं मला ह्या वर्षी नीट कळलं. त्याच्यामागे कुणी ना कुणी वर्षभर राबत असतं, आणि माझं मत विचाराल तर पोरांचं निम्मं शिक्षण त्या राबण्यातच होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची शाळा आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली ती मोठ्या मुलांच्या डिप्लोमासाठी, सारखे देश बदलणाऱ्या घरांतल्या मुलांना कुठल्याही देशातल्या युनिव्हर्सिटीत चालेल असं सर्टिफिकेट मिळावं म्हणून. लहान मुलांचा प्रोग्रॅम, पीवायपी (प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम), बराच उशिरा आला, १९९७ मध्ये, आणि तो ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे जिनिव्हातलीच इंटरनॅशनल स्कूल, १९२४ ची, जी लीग ऑफ नेशन्स आणि इंटरनॅशनल लेबर ऑफिसात काम करणाऱ्या लोकांच्या मुलांसाठी काढली होती. म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर मोठी माणसं एका टेबलाभोवती बसून भांडणं मिटवायच्या गप्पा मारत होती आणि त्यांची पोरं एका वर्गात बसत होती. मोठ्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे, शाळा मात्र अजून चालू आहे.

पीवायपीत विषयांपेक्षा सहा मोठ्या थीम्स महत्त्वाच्या, आपण कोण आहोत, काळात आणि जागेत कुठे आहोत, आपण स्वतःला कसं व्यक्त करतो, जग कसं चालतं, आपण आपली व्यवस्था कशी लावतो आणि ही पृथ्वी सगळ्यांनी वाटून कशी घ्यायची. वर्षभरात साधारण एकेक थीम घेऊन काही आठवडे त्याच्यातच घुसायचं, भाषा-विज्ञान-समाजशास्त्र सगळं त्याच्या पोटात. ऐकायला भारी वाटतं, आणि चांगली टीचर असली तर खरंच भारी असतं. पण त्याच्या जोडीला येणारी शब्दांची फौज, एजन्सी, इन्क्वायरी, अप्रोचेस टू लर्निंग, लर्नर प्रोफाइलचे, म्हणजे मुलांच्यात यावेत असे आयबीने ठरवलेले, दहा गुण... माझा धाकटा दुसरीत आहे आणि 'मी आज रिफ्लेक्टिव्ह होतो' असं म्हणून दूध प्यायला नकार देतो. काय बोलणार.

वर्षाचे पहिले दोन-तीन आठवडे 'अभ्यास' म्हणावा असं काही होत नाही. आधी मला ह्याचा वैताग यायचा. वर्गाचा करार करतात, क्लास अॅग्रीमेंट. त्याची सुरुवात कुठून, तर युनोच्या बालहक्क करारापासून, १९८९ चा, ५४ कलमं. मुलांना अर्थातच चार-पाच कलमं सोप्या भाषेत सांगतात. बारावं कलम मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल आहे, एकतिसावं विश्रांती आणि खेळण्याच्या हक्काबद्दल. तर थोरलीच्या वर्गात (ती पाचवीत) ह्या दोन कलमांचं भांडण लागलं. एका मुलाचं म्हणणं, मला खेळायचा हक्क आहे, दुसरीचं म्हणणं, तुझ्या खेळण्याच्या आरडाओरड्यात माझं कुणी ऐकत नाही. टीचरने निकाल दिलाच नाही! दोन दिवस ते तसंच लटकवून ठेवलं आणि मग पोरांनीच ठरवलं की आत आवाजाच्या तीन पातळ्या आणि बाहेर काही लिमिट नाही. तो कागद सगळ्यांच्या सह्यांसकट वर्षभर भिंतीवर होता, आणि जानेवारीत नवीन मुलगी आली तेव्हा तिला तो नुसता वाचून दाखवला नाही, तुला काही बदलायचंय का असं विचारलं. तिने एक ओळ घालायला लावली, 'माझं नाव नीट म्हणायला शिका.' मला ही ओळ अख्ख्या करारापेक्षा महत्त्वाची वाटली.

मैदानावरची गोष्ट तर ह्याहून मजेशीर. दगड-कागद-कात्री तुम्हाला वाटतं सगळीकडे सारखंच. अजिबात नाही. काही मुलं 'तीन' म्हणतानाच हात उघडतात आणि काही 'तीन' म्हणून झाल्यावर, त्यामुळे एकाचा हात आधी पडतो आणि दुसरा चिटिंग चिटिंग ओरडतो. पकडापकडीत कुणाच्या देशात खांबाला हात लावला की सेफ, कुणाच्या देशात सेफ असं काही नसतंच. धाकट्याच्या वर्गात ह्यावरून रोज रडारड. शेवटी प्लेग्राउंड लीडर्स म्हणून चौथी-पाचवीची पोरं असतात त्यांनी मीटिंग घेतली, आणि नियम असा ठरला की खेळ सुरू व्हायच्या आधी ज्याने खेळ सुचवला त्याने त्याचे नियम सांगायचे आणि तो डाव संपेपर्यंत तेच चालणार, पुढच्या डावाला दुसऱ्याचे. मला वाटलं होतं की सगळ्यांचा मिळून एक कॉमन नियम काढतील, मोठ्या माणसांनी तेच केलं असतं आणि सहा महिने कमिटी बसवली असती.

आता गणित. इथे माझं आणि शाळेचं थोडं वाकडं आहे ते सांगून टाकते. पाढे पाठ व्हायलाच पाहिजेत, त्याला शॉर्टकट नाही आणि 'समजून' झाल्यावर सुद्धा ते पाठ असावे लागतात, हे माझं ठाम मत आहे, आणि आम्ही ते घरी करून घेतो. शाळेत सराव कमी पडतो. प्रत्येक पेरेंट्स मीटिंगमध्ये हा विषय निघतो, कोऑर्डिनेटर मॅडम गोड हसून 'फ्लुएन्सीवर आमचाही भर आहे' म्हणतात आणि पुढची स्लाइड दाखवतात.

पण त्याच गणिताच्या वर्गात ह्या वर्षी जे बघितलं ते मला माझ्या अख्ख्या शाळेत बघायला मिळालं नव्हतं. भागाकार चालू होता. टीचरच्या लक्षात आलं की अर्धी मुलं घरून वेगळीच पद्धत शिकून आलीत, आणि घरी आईबाप तीच शिकवतायत, त्यामुळे पोरांचा घोळ होतोय. तिने काय करावं, तर सगळ्यांना सांगितलं, घरच्या पद्धतीने एकच उदाहरण सोडवून आणा आणि घरच्यांना विचारून प्रत्येक पायरी का करतो ते समजून या. भिंत भरली. आपला जुना प्रकार म्हणजे भाजक डावीकडे, भाज्य मध्ये आणि उत्तर उजवीकडे. फ्रेंच मुलाचा भाजक उजव्या बाजूला उभ्या रेघेपलीकडे आणि उत्तर त्याच्या खाली. जर्मन मुलीकडे भागाकाराचं चिन्हच वेगळं, नुसते दोन ठिपके. मग कुणीतरी मोठा आकडा लिहिला आणि स्वल्पविरामांवरून नवीन धमाल, आम्ही १,००,००० लिहितो, बाकीचे १००,०००, आणि युरोपातल्या काही मुलांसाठी १.००० म्हणजे एक हजार, कारण त्यांचा दशांशाचा ठिपका म्हणजे स्वल्पविराम! एकाने १.५०० ला दीड समजून उत्तर काढलं होतं आणि दुसऱ्याने दीड हजार, दोघांचीही आकडेमोड बरोबर. थोरली घरी येऊन तासभर ह्याच्यावर बोलत होती आणि स्थानिक किंमत म्हणजे काय हे तिला त्या तासात जेवढं कळलं तेवढं माझ्या वर्कशीट्सनी कळलं नसतं, हे मान्य. पाढे तरीही पाठ पाहिजेतच.

भाषेबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण नवीन येणाऱ्या पालकांचा सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. धाकट्याच्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीला एक मुलगा आला, इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता. तो बोलायचाच नाही. आठवडे गेले, महिने गेले, नाहीच. त्याची आई गेटवर रोज रडवेली. आम्ही बाकीच्या आया तिला धीर देत होतो पण आतून आम्हालाही वाटत होतं की काहीतरी गडबड आहे. शाळेच्या भाषेच्या टीचरने मग पालकांसाठी एक सेशन घेतलं आणि तिथे सांगितलं की ह्याला सायलेंट पिरियड म्हणतात, नवीन भाषेत पडलेली बरीच मुलं आधी नुसती ऐकतात, साठवतात, त्यांना बोलायला ढोसायचं नाही. आणि दुसरी गोष्ट जी मला फारच उपयोगी वाटली, कॅनडातले जिम कमिन्स नावाचे अभ्यासक आहेत, त्यांनी १९७९ च्या सुमारास मांडलेला फरक, की मैदानावरची बोलायची भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते पण धडा वाचून त्यावर विचार करायची, कारणं मांडायची जी भाषा असते तिला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे पोरगं फाडफाड बोलायला लागलं की आपण खूश होतो, आणि मग विज्ञानाच्या उताऱ्यात ते का अडकतंय हे कळत नाही, मग त्याला 'लक्ष देत नाही' असं लेबल. आमच्याच घरी हे झालंय थोरलीच्या बाबतीत, तेव्हाच्या तिच्या टीचरलाही ते ओळखता आलं नव्हतं.

कमिन्सचंच आणखी एक म्हणणं, की घरची भाषा पक्की असेल तर त्यातला विचार दुसऱ्या भाषेत घेऊन जाता येतो. म्हणून घरी इंग्लिश बोलून शाळेला मदत करायचा आटापिटा नको, तुमची जी भाषा चांगली आहे तिच्यातच भरपूर बोला, वाचा, भांडा. हे ऐकून हॉलमध्ये निम्म्या पालकांचे खांदे खाली आले, मी बघितलं. घरी मोडक्या इंग्लिशमध्ये पोरांशी बोलणारे किती जण होते!

त्या मुलाचं पुढे काय झालं? त्याला त्याच्याच भाषेचा चौथीतला एक मुलगा बडी म्हणून दिला होता, तो मधल्या सुट्टीत यायचा. वर्गात त्याला गोष्ट आपल्या भाषेत लिहायची परवानगी होती, टीचरला ती वाचता येत नव्हती तरी. आणि एक दिवस फुटबॉलच्या मॅचमध्ये तो अचानक पूर्ण वाक्यात ओरडला की बॉल बाहेर गेलेला नाही आणि तुम्ही सगळे खोटं बोलताय. धाकटा घरी येऊन म्हणाला, 'आई, तो बोलतो! आणि खूप भांडतो.' त्याच्या आईला मी हे सांगितलं तर ती एवढी हसली की विचारू नका.

२१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन असतो, १९५२ मध्ये ढाक्यात बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला त्या तारखेला, युनेस्कोने १९९९ मध्ये जाहीर केला आणि २००० पासून पाळतात. शाळेत त्या दिवशी पालक येऊन आपापल्या भाषेत गोष्ट वाचतात. मी मराठीत वाचली, समोरच्या एकालाही मराठी येत नव्हती, चित्रं आणि आवाजावरून त्यांनी गोष्ट ओळखायची होती, आणि त्यांनी ओळखली ती माझ्या गोष्टीपेक्षा चांगली निघाली. हा दिवस मला फार आवडतो. त्या मानाने तो जो मोठा इंटरनॅशनल डे असतो, झेंडे, पोशाख, परेड, तो मला खरं तर नकोसा वाटतो. फोटो छान येतात, शाळेच्या ब्रोशरला लागतात. पण आई एका देशाची, बाप दुसऱ्या, जन्म तिसऱ्यात आणि वाढतोय चौथ्यात असं मूल कुठल्या झेंड्यामागे उभं राहणार? थोरलीची मैत्रीण दर वर्षी त्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहते. ह्या वर्षी पालकांनी सुचवलं की परेड देशांप्रमाणे नको, शाळेने ऐकून घेतलं, लिहून घेतलं, बघू.

पालकांचं जग वेगळंच. ज्यांनी जोडीदाराच्या बदलीसाठी आपली नोकरी सोडलेली असते, त्यांच्यासाठी शाळेचा गेट म्हणजे ऑफिस, क्लब आणि माहेर सगळं एकातच. कॉफी मॉर्निंगला मी आधी नाकं मुरडायची, पण डॉक्टर कुठला, घर कसं शोधायचं, मुलगी रोज रडते तर काय करू, हे सगळं तिथेच सुटतं. क्लास पेरेंट नावाचं एक बिनपगारी पद असतं, ती बाई (जवळजवळ कायम बाईच) नवीन घर आलं की पहिल्या आठवड्यात फोन करते. वर्गाच्या ग्रुपवर प्रत्येक जण मेसेज ट्रान्सलेटरमध्ये टाकून वाचतो, त्यामुळे खोचक विनोद कुणाला कळत नाहीत आणि भांडणं कमी होतात, हा फायदाच. पण सगळे मिळून-मिसळून राहतात असं चित्र मी रंगवणार नाही. एकाच भाषेचे पालक एका कोपऱ्यात उभे राहतात, आम्हीही राहतो. वाढदिवसाला कुणाला बोलावलं आणि कुणाला नाही यावरून जे राजकारण होतं त्याला कुठलाच लर्नर प्रोफाइल लागू पडत नाही.

थोरलीचं शेवटचं वर्ष म्हणजे एक्झिबिशन. पीवायपीच्या शेवटच्या वर्गातली पोरं ग्रुप करून एक प्रश्न निवडतात, काही आठवडे त्याच्यामागे लागतात, एक मेंटर असतो आणि शेवटी सगळ्या शाळेसमोर मांडायचं. बहुतेक ग्रुप युनोच्या १७ शाश्वत विकास ध्येयांतून काहीतरी उचलतात, त्यामुळे दर वर्षी समुद्रातलं प्लास्टिक आणि हवामान बदल असतातच. थोरलीच्या ग्रुपनेही प्लास्टिकच धरलं होतं. त्यांचा मेंटर, लायब्ररीतले सर, त्यांनी एवढंच विचारलं, 'तुमच्यापैकी कुणी समुद्रावर काही करणार आहे का? मग शाळेत काय दिसतंय?' पोरं दोन दिवस फुगून बसली. मग त्यांनी विषय घेतला, लॉस्ट अँड फाउंडचा ढीग. जॅकेट्स, डबे, एकेकटे बूट, एक चष्मा. मोजलं, वर्गवारी केली, मुलाखती घेतल्या. निघालं असं की लहान वर्गांतली मुलं आपली वस्तू समोर असून ओळखत नाहीत, नाव असतं पण आईने आतल्या लेबलवर लिहिलेलं, आणि नव्या मुलांना तो ढीग कुठे असतो हेच माहीत नसतं, कारण कुणी दाखवलेलाच नसतो! त्यांनी नव्या मुलांच्या पहिल्या दिवसाच्या फेरीत ती जागा घालायला लावली आणि दर शुक्रवारी वस्तू वर्गावर्गात फिरवायची ट्रॉली सुरू केली. ट्रॉली अजून चालू आहे. प्लास्टिकवाल्या ग्रुपचं पोस्टर मात्र फारच सुंदर होतं.

रिपोर्ट कार्डाबद्दल काय लिहू, टक्के नाहीत, नंबर नाही, 'डेव्हलपिंग' आणि 'सिक्युअर' असली विशेषणं, सासूबाईंना फोनवर समजावताना घाम फुटतो. स्टुडंट-लेड कॉन्फरन्स मात्र मस्त प्रकार. मूल स्वतःच आपली फाइल आपल्याला दाखवतं, काय जमलं, काय नाही, पुढे काय करायचंय, टीचर लांब उभी. धाकट्याने आपलं सगळ्यात वाईट अक्षर असलेलं पान मुद्दाम आधी दाखवलं, मग आत्ताचं. मी मध्येच सुचवण्या करायला लागले तर म्हणाला, 'माझं झालं की तुझा नंबर.'

आणि मग मे-जून. ह्या शाळांचा सगळ्यात अवघड काळ. घरोघरी पॅकिंग, कोण जाणार कोण राहणार ह्याच्या अफवा. टीचर्ससुद्धा जातात, त्यांची पहिली कॉन्ट्रॅक्ट्स बहुतेक दोन वर्षांचीच असतात. आईबापांच्या कामापायी परक्या देशांत वाढणाऱ्या अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हणतात आणि हे नाव रूथ हिल उसीम ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात दिलं, तेही भारतात राहून तिथल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करता करता. शाळेच्या काउन्सेलर निघणाऱ्या मुलांबरोबर अशाच मुलांवर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक ह्यांची राफ्ट नावाची पद्धत वापरतात, चार कामं. ज्याच्याशी भांडण आहे ते मिटवून जा, ज्याने मदत केली त्याला ते बोलून दाखवा, माणसांचाच नाही तर जागांचाही नीट निरोप घ्या, आणि जिथे जाताय त्याचा विचार सुरू करा. फार शहाणपणाचं आहे, मोठ्यांनीही करावं. थोरलीच्या मैत्रिणीने खरंच येऊन तिसरीतलं एक भांडण मिटवलं, थोरलीला ते आठवतही नव्हतं.

पण माझी एक तक्रार आहे. सगळा सोहळा जाणाऱ्यांचा. निरोपाची असेंब्ली, सह्यांचे टीशर्ट, कार्डं, सगळं त्यांना. जे राहतात त्यांचं काय? धाकट्याचा सगळ्यात जवळचा मित्र गेला, त्याच्यापुढे नवीन देश, नवीन घर, आणि धाकट्यापुढे तोच बाक, तोच रस्ता, फक्त मित्र वजा. दर दोन वर्षांनी हे झालं की मूल नवीन मैत्री करायलाच कंटाळतं, हे मी थोरलीत बघितलंय, एक वर्ष ती नव्या मुलांना विचारायची, 'तू किती वर्षांसाठी आलास?' आणि उत्तर एक आलं की पुढे बोलायचीच नाही. काउन्सेलरना मी हे सांगितलं, त्या म्हणाल्या की बरोबर आहे, राहणाऱ्यांसाठीही काहीतरी हवं. यंदा त्यांनी राहणाऱ्या मुलांचा एक छोटा ग्रुप केला, जेवणाच्या सुट्टीत भेटायचा. त्यात फारसं काही करत नव्हते म्हणे, गेलेल्यांना व्हिडिओ पाठवायचे आणि त्यांच्याबद्दल चुगल्या करायचे. पण धाकटा एकही दिवस चुकवत नव्हता.

आता पुढच्या वर्षाच्या याद्या लागल्यात आणि दोन्ही तुकड्या परत ढवळल्यात, दर वर्षी ढवळतात, म्हणजे कुणाचा कायमचा कंपू होऊ नये आणि नव्याला आत शिरायला जागा राहावी. पालकांचा ग्रुप पेटलाय, माझी मुलगी तिच्या मुलीपासून का तोडली वगैरे, मी म्यूट केलाय. धाकट्याला ऑगस्टमध्ये येणाऱ्या कुणाचा तरी बडी व्हायचंय, त्याचा फॉर्म शुक्रवारच्या आत भरायचाय आणि 'तुला नवीन मुलाला काय दाखवायला आवडेल' ह्या प्रश्नाखाली त्याने तीन गोष्टी लिहिल्यात, बाथरूम, लॉस्ट अँड फाउंड, आणि फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त कोण भांडतो तो.